लढे गावांचे, पक्ष घराण्याचा

विधान परिषदेच्या अकरा जागांसाठी १२ जुलै २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा रिंगणात बारा उमेदवार होते. कोणीतरी एक पडणार हे उघड होते. पडले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) सरचिटणीस जयंत पाटील. निवडून यायला तेवीस मतांचा कोटा होता. पहिल्या पसंतीची बारा मते त्यांच्या वाट्याला आली. २००० सालापासून परिषदेत असलेले पाटील शरद पवारांच्या पक्षाच्या भरवशावर उभे होते आणि आघाडीतली उरलेली मते त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. काँग्रेसच्या काही आमदारांनी तर सरळ सत्ताधाऱ्यांच्या उमेदवारांना मते दिली.

मित्रांनी दगा दिला, असे शेकापचे कार्यकर्ते तेव्हापासून सांगत आले आहेत. त्यात तथ्य आहे. महाविकास आघाडीतल्या मोठ्या पक्षांनी छोट्या मित्राला त्या दिवशी वाऱ्यावर सोडले, हे कोणीही नाकारू नये. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या पक्षाचा विधानसभेत एकुलता एक आमदार होता, त्याच्या सर्वोच्च नेत्याची जागा मुळात दुसऱ्यांच्या मतांवर का अवलंबून राहावी? आणि ती जागा गेल्यावर सगळा पक्षच गेल्यासारखी कार्यकर्त्यांची अवस्था का व्हावी? महाराष्ट्राच्या मातीतून उगवलेल्या एकमेव मोठ्या डाव्या पक्षाच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

हा पक्ष कधीकाळी केवढा होता, याची कल्पना आज पंचविशीतल्या मतदाराला येणे कठीण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत १९५७ साली शेकापचे ३१ आमदार निवडून आले. १९६७ मध्ये १९, आणीबाणीनंतर १९७८ मध्ये १३, १९८५ मध्ये पुन्हा १३. तिथून घसरण सुरू झाली ती थांबली नाही. १९९० मध्ये आठ, १९९५ मध्ये सहा, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन. २००९ मध्ये चारपर्यंत मजल गेली, २०१४ मध्ये तीन उरले, २०१९ मध्ये एक आणि २०२४ मध्येही एकच. लोकसभेत तर १९७७ साली या पक्षाचे पाच खासदार होते: कुलाब्यातून दि. बा. पाटील, नांदेडमधून केशवराव धोंडगे, लातूरमधून उद्धवराव पाटील, परभणीतून शेषराव देशमुख आणि कोल्हापुरातून दाजीबा देसाई. कोकण, मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्र, प्रत्येकाचा वेगळा नेता, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या कृपेने पुढे आलेला नव्हता. विधानसभेत कृष्णराव धुळपांनी दहा वर्षे विरोधी पक्षनेतेपद सांभाळले, त्यांच्यानंतर ते दि. बां.कडे आले. नेते घडवण्याची ताकद असलेला पक्ष होता हा.

ही ताकद कुठून आली, हे पाहायचे तर अलिबाग तालुक्यातल्या चरी गावापर्यंत मागे जावे लागते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असा निर्णय घेतला आणि तो सहा वर्षे पाळला. पक्ष अजून जन्मालाही आला नव्हता. शेते ओसाड पडली. घरात दाणा नाही म्हणून माणसांनी जंगलातली लाकडे तोडून विकली, मिळेल ती मजुरी केली, पण खोताच्या बांधावर पाऊल टाकले नाही. नारायण नागू पाटील या संपाचे पुढारी होते. कुळांची बाजू मांडण्यासाठी त्यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे खोती गेली, कूळकायदा आला, कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढली. रायगडात लाल बावट्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या मतांमागे ही सहा वर्षांची उपासमार आहे. त्या मतदाराला मार्क्स कोण हे माहीत असण्याची गरज नव्हती; सातबारा कोणामुळे मिळाला, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पक्षाची स्थापना १९४७ची. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील यांच्यासारखी काँग्रेसमधली बहुजन समाजाची माणसे, सत्यशोधक चळवळीच्या संस्कारात वाढलेली, शेठजी-भटजींच्या काँग्रेसला कंटाळून बाहेर पडली. १९५० मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाचा मार्ग स्वीकारला. आणि तिथपासूनच नेतृत्वाची गळतीही सुरू झाली. काही जण अधिक डावीकडे जाण्यासाठी पक्ष सोडून गेले, तर जेधे आणि मोरे काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. १९५९ मध्ये जेधे वारले, तेव्हा ते बारामतीचे काँग्रेसचे खासदार होते. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले आणि शेकापने शरद पवारांचे थोरले बंधू वसंतराव पवार यांना. घरात शेकापचे वातावरण असताना तरुण शरद पवारांनी प्रचार केला तो काँग्रेसचा. निकाल काँग्रेसच्या बाजूने लागला.

बारामतीत घडले तेच पश्चिम महाराष्ट्रभर घडले. यशवंतराव चव्हाणांनी बहुजन समाजातल्या कर्त्या माणसांसाठी काँग्रेसचे दार उघडले आणि आत साखर कारखाना, जिल्हा परिषद, सहकारी बँक असे सगळे मांडून ठेवले. शेकापच्या ज्या पुढाऱ्याला गावासाठी काही करून दाखवायचे होते, त्याला काँग्रेसमध्ये गेल्यावर ते पाच वर्षांत करता येत होते. शेकापमध्ये राहून मोर्चा काढावा लागत होता. मोह म्हणून हे सोडून देणे सोपे आहे. पण विरोधातल्या डाव्या पक्षाला सहकाराच्या या सत्तेला तोडीस तोड असे काय उभे करता येते, हा प्रश्न त्या काळी खराच होता, आणि बहुतेक ठिकाणी शेकापपाशी त्याचे उत्तर नव्हते.

रायगडात ते काही काळ होते. खोतांविरुद्धच्या लढ्यानंतर पक्षाला दुसरी संजीवनी दिली ती सिडकोविरुद्धच्या लढ्याने. १९७० मध्ये सिडको आली आणि पनवेल, उरण, ठाणे पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित होऊ लागली. खोताच्या हातून मिळवलेली जमीन आता सरकार घेऊ लागले, तेही कवडीमोलाने. दि. बा. पाटलांनी या गावांना एकत्र बांधले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्ताच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. देशभरातल्या विस्थापितांच्या इतिहासात एवढा ठोस विजय क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. आज नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून सर्व पक्षांचे लोक रस्त्यावर उतरतात, ते त्या विजयामुळे.

मात्र दि. बां.चे नाव सर्वांचे झाले आणि त्यांचा पक्ष कोणाचाच राहिला नाही. याचे कारण त्या विजयातच दडलेले आहे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाने आगरी शेतकऱ्याचे घर सावरले. भात पिकवणारा आणि मिठागरात राबणारा माणूस भूखंडाचा मालक झाला, कोणी बिल्डरशी करार केला, कोणी डंपर घेतले, कोणी माती भरावाचे ठेके घेतले. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरभोवतीची सगळी अर्थव्यवस्था उरणच्या गावागावांत शिरली. या नव्या व्यवहारात सिडको, जेएनपीटी, मंत्रालय, जो कोणी सत्तेत असेल त्याच्याशी जमवून घेणे भाग होते. शेतकऱ्याच्या लढ्याने ज्यांना उभे केले, त्यांतल्या ठेकेदाराला आता विरोधी पक्ष परवडेना.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पनवेलमध्ये सापडते. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार म्हणून निवडून आले. नंतर ते काँग्रेसमध्ये गेले. त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर २००९ मध्ये काँग्रेसचे आमदार झाले आणि २०१४ पासून भाजपचे आहेत. पनवेल हा शेकापचा बालेकिल्ला होता, तो तीन पक्षांच्या प्रवासात गेला आणि प्रवास करणारे घर एकच होते. खुद्द दि. बा. पाटीलही आयुष्याच्या उत्तरार्धात शिवसेनेत गेले. पेणमध्ये मोहन पाटील शेकापचे आमदार. त्यांचे पुत्र धैर्यशील पाटील दोनदा शेकापकडूनच आमदार. २०२३ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि वर्षभराने राज्यसभेवर. चार वेळा, त्यांत तीनदा पनवेलचे आणि एकदा उरणचे, आमदार राहिलेले विवेक पाटील यांना कर्नाळा नागरी सहकारी बँकेतल्या पाचशे कोटींच्या वर गेलेल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून २०२१ मध्ये ईडीने अटक केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण बँकेच्या दारात रांगा लावून उभे राहिलेल्या ठेवीदारांत पनवेल-उरणचे शेतकरी होते, निवृत्त शिक्षक होते, म्हणजे पक्षाची हक्काची माणसे होती. काँग्रेसच्या सहकाराला जे उत्तर म्हणून उभे राहिले होते, तेच पक्षाच्या विश्वासार्हतेवर घाव घालून गेले. त्या ठेवीदारांच्या बाजूने सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलायला हवे होते ते शेकापनेच. तो आवाज पक्षातून उठला नाही, आणि या कालखंडातली पक्षाची सर्वांत मोठी चूक तीच आहे.

अलिबागची गोष्ट आणखी जवळून पाहण्यासारखी आहे. नारायण नागू पाटील, त्यांच्यानंतर दत्ता पाटील आणि प्रभाकर पाटील, मग मीनाक्षी पाटील, जयंत पाटील आणि पंडित पाटील: एका घराने या तालुक्याला आमदार दिले, जिल्हा परिषद चालवली, ‘कृषीवल’ चालवले, जिल्हा मध्यवर्ती बँक चालवली. या घराच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. चरीच्या संपाचा वारसा त्यांनी विकलेला नाही. जयंत पाटलांनी तर सत्तेची सगळी आमिषे असताना पक्ष सोडला नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे. पण सत्तर वर्षांत या एका घराबाहेरचा, अलिबागचा असा एकही नेता का उभा राहिला नाही, जो उद्या पक्षाची धुरा घेऊ शकेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये पंढरपूरला पक्षाचे अधिवेशन झाले आणि तिथे जयंत आणि पंडित पाटील या भावांतला बेबनाव चव्हाट्यावर आला. तीन महिन्यांनी विधानसभेला अलिबागची उमेदवारी जयंत पाटलांच्या सूनबाई चित्रलेखा पाटील यांना मिळाली. शिंदेसेनेच्या महेंद्र दळवींनी त्यांचा सुमारे एकोणतीस हजार मतांनी पराभव केला. एप्रिल २०२५ मध्ये माजी आमदार पंडित पाटील भाजपमध्ये गेले. पक्षाचा प्रश्न घराच्या दिवाणखान्यात सुटत असेल, तर घर फुटले की पक्ष फुटतो, आणि तेव्हा कार्यकर्त्याच्या हातात काहीच उरत नाही. वाडी-वस्तीवर वर्षानुवर्षे पोस्टर चिकटवणाऱ्या, बूथवर बसणाऱ्या माणसाला त्या भांडणात कोणी मत विचारले नव्हते.

युतीच्या राजकारणाची गतही अशीच झाली आहे. रायगड लोकसभा मतदारसंघात शेकापने २००९ मध्ये शिवसेनेच्या अनंत गीतेंना पाठिंबा दिला. २०१४ मध्ये स्वतःचा उमेदवार उभा केला. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंना पाठिंबा दिला, ज्यांच्याशी दोन दशके हाडवैर होते. २०२४ मध्ये पुन्हा गीते. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी समजावून सांगता येईल, आणि भाजपला रोखण्यासाठी २०१९ आणि २०२४ ची भूमिका तर पटण्याजोगीही आहे. पण पंधरा वर्षांत एकाच मतदाराला चार वेळा वेगळे बटण दाबायला सांगितले की त्याची सवय मोडते. एकदा दुसऱ्या निशाणीवर बोट टेकवायची सवय लागली की पुढच्या वेळी ते बोट परत आणणे अवघड असते.

उरणमध्ये २०२४ साली जे घडले ते शेकापच्या मनाला सर्वांत जास्त लागलेले आहे. भाजपचे महेश बालदी सुमारे साडेसहा हजार मतांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर शेकापचे प्रीतम म्हात्रे होते आणि तिसऱ्या क्रमांकावर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे मनोहर भोईर, जवळजवळ सत्तर हजार मते घेऊन. दोन्ही उमेदवार एकाच आघाडीचे म्हणवणारे. शिवसेनेचा दावा अगदीच पोकळ नव्हता, भोईर २०१४ ते २०१९ तिथले आमदार होते. पण बसून तोडगा काढला असता तर ही जागा भाजपला मिळाली नसती, हे आकडेच सांगतात. पनवेल आणि पेणमध्येही आघाडीतल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार दिले. काही महिन्यांत प्रीतम म्हात्रे वडिलांसह भाजपमध्ये गेले. निवडणुकीत ज्या मतदारांनी भाजपविरुद्ध त्यांना मते दिली होती, त्यांना या निर्णयाचे कसलेही उत्तर मिळाले नाही.

इथे सांगोल्याकडे वळायलाच हवे, कारण ‘मित्रांनी घात केला’ या स्पष्टीकरणाची कसोटी तिथे लागते. सांगोल्यातही २०२४ मध्ये उद्धवसेनेने शेकापविरुद्ध उमेदवार दिला होता. समोर शिंदेसेनेचे शहाजीबापू पाटील होते, गुवाहाटीतल्या फोनमुळे महाराष्ट्रभर गाजलेले. मते तिथेही फुटायची होती तेवढी फुटली. तरी डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांवर मताधिक्याने निवडून आले. शेकापचा आजचा एकुलता एक आमदार तो हाच.

नातवाच्या या विजयामागे गणपतराव देशमुखांची पुण्याई आहे असे म्हणून विषय संपवता येतो, पण पुण्याई म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे. गणपतराव १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा सांगोल्याचे आमदार झाले. मध्ये १९७२ मध्ये हरले. १९९५ मध्ये याच शहाजीबापूंकडून १९२ मतांनी हरले. हरल्यावर दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तालुक्यात फिरू लागले. सांगोला हा कायमचा दुष्काळी टापू, माणदेश. तिथल्या माणसाला हवे होते पाणी. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतरावांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, दुष्काळी तेरा तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना कृष्णेच्या पाण्यावर हक्क सांगायला शिकवले. डॉ. भारत पाटणकरांसारखे अभ्यासक या चळवळीत होते, म्हणून मागणीला हिशेब होता: कोणत्या गावाला किती पाणी, कोणत्या दराने, भूमिहीनालाही किती. हजारो माणसे वर्षानुवर्षे त्या परिषदेला जात राहिली. टेंभू आणि म्हैसाळचे पाणी शिवारात यायला दशके लागली, पण ते आले तेव्हा कोणामुळे आले हे लोकांना सांगावे लागले नाही. जोडीला शेतकरी सहकारी सूतगिरणी होती, तालुक्यातल्या तरुणांना रोजगार देणारी, आणि तिच्यावर कोणी बोट ठेवू शकले नाही. मंत्री झालेला माणूस एसटीने प्रवास करत होता, आणि फोटोसाठी तो कधी एसटीत बसला नव्हता.

सांगोल्यातही चुका झाल्या. २०१९ मध्ये वयामुळे गणपतराव थांबले, तेव्हा आधी एका उद्योजकाचे नाव जाहीर झाले, कार्यकर्ते चिडले, मग ऐनवेळी नातू डॉ. अनिकेत यांना उभे केले. शहाजीबापूंनी ती जागा ७६८ मतांनी घेतली. २०२४ मध्येही दोन नातवांत उमेदवारीवरून ओढाताण झाली. म्हणजे घराणेशाहीचा रोग तिथेही आहे. फरक एवढाच की सांगोल्यात घराण्याच्या मागे गावोगावी उभी राहिलेली पाण्याची चळवळ होती, तिच्यात वाढलेले कार्यकर्ते होते आणि २०१९ मध्ये वरून लादलेला उमेदवार त्यांनी बदलून घेतला होता. रागावून नेत्याला निर्णय मागे घ्यायला लावणारे कार्यकर्ते ज्या पक्षात असतात, तो पक्ष जिवंत असतो. उमेदवारीचा निर्णय ऐकून घरी जाणारे कार्यकर्ते रायगडात आता जास्त आहेत.

विधानसभेत डाव्यांची दुसरी जागा आहे डहाणूची. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले २०१९ आणि २०२४ मध्ये तिथून निवडून आले. गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उठवले त्याच पट्ट्यातली ही जागा. वनहक्काच्या दाव्यांवर आजही तिथे मोर्चे निघतात. २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या किसान लाँग मार्चमध्ये किती पाय सोलले गेले, ते मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माकपनेही २०२४ मध्ये बाकी जागा गमावल्या, तेव्हा तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण २८८ जणांच्या सभागृहात डाव्यांच्या ज्या दोन जागा उरल्या, त्या दोन्ही ठिकाणी लोकांचा एखादा चालू लढा आहे, आणि तो निवडणुकीच्या आधीपासून चालू आहे.

रायगडातही असे घडलेले आहे. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलमधली हजारो हेक्टर जमीन घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील म्हातारपणी गावोगाव फिरले. त्यांच्याबरोबर अनेक संघटना होत्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले आणि लोकांनी सेझ झिडकारला. पुढच्याच वर्षी विधानसभेत अलिबाग, पेण आणि उरण या तिन्ही जागा शेकापने जिंकल्या. स्थानिक समझोत्यांचा त्यात वाटा होताच, तरी लढलेल्या पक्षाला लोक विसरत नाहीत, हे त्या निकालाने दाखवले. १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. गेले. त्याआधी सुमारे सहा महिने गणपतराव गेले होते. पक्षाकडे आता तेवढ्या उंचीचा माणूस नाही. आणि तो आकाशातून पडणारही नाही.

म्हणून खरा विचार व्हायला हवा तो आजच्या रायगडातल्या कष्टकऱ्याचा. तो कोण आहे? उरणच्या कंटेनर गोदामात ठेकेदारामार्फत लागलेला, दर अकरा महिन्यांनी नावापुरता कामावरून कमी केला जाणारा मुलगा तो आहे. मांडव्याजवळच्या बंगल्यांत माळीकाम, राखण आणि धुणीभांडी करणारी बाई ती आहे. तिच्या आजोबांनी कूळकायद्यात मिळवलेली जमीन वडिलांच्या हयातीत विकली गेली आणि आता तिथेच ती मजुरीला जाते. विमानतळासाठी गाव सोडलेली, नोकरीची कबुली घेऊन बसलेली कुटुंबे आहेत. गावठाणाबाहेर बांधलेल्या घरांवर टांगती तलवार घेऊन जगणारे हजारो प्रकल्पग्रस्त आहेत. खारघर-कामोठ्यात हप्त्यावर घर घेतलेला आणि पाण्यासाठी टँकर मागवणारा नोकरदार आहे. २०१७ मध्ये पनवेल महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी २३ नगरसेवक शेकापचे निवडून आले होते, म्हणजे शहर या पक्षाला अगदीच परके नव्हते. शेतकऱ्याचा पक्ष म्हणून जन्मलेल्या या पक्षाच्या नावात कामगारही आहे. बंदरातल्या कंत्राटी कामगारांची बलवान संघटना हातात असती, तर उरणची जागा मागायला कोणाच्या दारात जावे लागले नसते.

याला पैसा लागतो, माणसे लागतात आणि समोर भाजपसारखी अवाढव्य यंत्रणा आहे, हे खरे. केंद्रात-राज्यात सत्ता, तपासयंत्रणांचा धाक, ठेक्यांची लालूच, हे सगळे विरोधी पक्षांना पोखरत आहे आणि शेकापला त्याची झळ इतरांपेक्षा आधी बसली. या परिस्थितीत टिकून राहणे हीच मोठी गोष्ट आहे, असे पक्षाचे हितचिंतक म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही सांगायला हवे की विधान परिषदेची एक जागा आणि आघाडीच्या बैठकीतली एक खुर्ची सांभाळत टिकणे, हा टिकण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. खुर्चीसाठी आज एक मतदारसंघ सोडायचा, उद्या दुसरा, आणि ज्या गावांनी पक्ष उभा केला त्यांना सांगायचे की यावेळी बोट दुसरीकडे ठेवा.

जयंत पाटलांच्या हाती अजून बरेच काही आहे. ‘कृषीवल’ आहे, जिल्ह्यात नाव आहे आणि अनेक दशकांच्या राजकारणातून आलेली माणसांची ओळख आहे. त्यांनी ठरवले तर पक्षाचे पुढचे अधिवेशन तालुका समित्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे होऊ शकते, उमेदवारीचा निर्णय तालुक्याच्या सभेत मतदानाने होऊ शकतो, आणि मध्यवर्ती समितीत पाटील-देशमुखांच्या घराबाहेरचे, चाळिशीच्या आतले, उरणच्या गोदामात किंवा माणदेशातल्या डाळिंबाच्या बागेत काम करणारे लोक येऊ शकतात. आघाडीशी बोलणी करायची तर कोणत्या जागा, हे निवडणुकीच्या आधी वर्षभर लेखी ठरवून घ्यावे आणि तोवर त्या जागांवर रोज काम करावे. हे करताना अलिबागच्या घराला आपल्या हातातली काही सत्ता सोडावी लागेल. चरीच्या कुळांनी सहा वर्षे काय सोडले होते, ते त्या घराइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.